होडीतून समुद्रपक्षी आणि गादे (डॉल्फिन) : कोकणच्या किनाऱ्यावर सफर कशी आखावी

हर्णैच्या बंदरावर पहिल्यांदा होडी ठरवायला गेलो, तेव्हा मी तांडेलांना, म्हणजे होडी चालवणाऱ्यांना, विचारलं, "उद्या किती वाजता निघूया?" त्यांनी मलाच उलट विचारलं, "उद्या तिथ कुठली?" मला सांगता येईना. त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "साडेसहाला या. साडेनऊला परत. त्यानंतर वारा सुटतो."

दुसऱ्या दिवशी त्या तीन तासांत मला जेवढं दिसलं, तेवढं आधीच्या चार-पाच 'डॉल्फिन पॉइंट'च्या फेऱ्यांत मिळून दिसलं नव्हतं. होडी तशीच होती आणि समुद्रही तोच. फरक होता तो तिथीचा, वाऱ्याचा आणि थांबायची तयारी असलेल्या माणसाचा. पुढचं सगळं या तीन गोष्टी कशा जुळवायच्या त्याबद्दल आहे.

महिना कोणता

मेअखेरीला प्रवासी होड्या बंद होतात आणि साधारण ऑगस्टअखेरपर्यंत बंदच असतात. यांत्रिक मासेमारीलाही 1 जून ते 31 जुलै बंदी असते. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून बंदरं जागी होतात, पण पर्यटकाने तेवढ्यात धावू नये. सप्टेंबरमध्ये लाट अजून जड असते.

ऑक्टोबरपासून पाहुणे यायला लागतात. तपकिरी डोक्याचे कुरव (सीगल) लडाख-तिबेटच्या तळ्यांवर वीण उरकून इथे उतरतात. त्यांच्या मागोमाग मध्य आशियातले मोठे कुरव, सुरयांचे (टर्न) थवे आणि चिखलावरचे तुतवार येतात. नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा सगळ्यात भरवशाचा काळ. समुद्र सपाट, हवा स्वच्छ, पक्षी भरपूर. मार्चमध्ये पक्षी कमी होऊ लागतात, पण कासवांची पिल्लं समुद्रात जायचा तोच हंगाम. वेळास-आंजर्ल्याला जाणार असाल तर सकाळची होडी त्याला जोडून घ्या. एप्रिल-मेमध्ये कुरव निघून जातात, क्षितिजावर धुरकट पडदा असतो आणि दहा वाजताच डोळे दुखायला लागतात. लहान मुलं बरोबर असतील तर मी त्या महिन्यांत होडी टाळतो.

तिथीची पाऊणपट

भरतीची वेळ काढायची किनाऱ्यावरची जुनी पद्धत सोपी आहे. शुद्ध असो की वद्य, तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाच्या सुमारास आणि पुन्हा संध्याकाळी सहाच्या थोडं नंतर भरती. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, जिला मालवणकडे सुकती म्हणतात. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. गोव्याच्या बाजूला भरती मुंबईपेक्षा आधी येते, तेव्हा मालवण-वेंगुर्ल्याला थोडं अलीकडचं धरा. नेमकी वेळ हवी असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाइलवर मिळतं. तरी पाऊणपट पाठ असू द्या, कारण सहा महिन्यांनंतरची सुट्टी आखताना पंचांग समोर ठेवून पाच मिनिटांत दिवस ठरवता येतो.

आता दिवस कसा निवडायचा ते बघू. इथे बहुतेक लोक चुकतात, कारण ते फक्त शनिवार-रविवार बघतात.

खाडीतले पक्षी बघायचे असतील तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची सकाळ घ्या. हे उधाणाचे दिवस. पहाटे ओहोटी होऊन चिखल लांबवर उघडा पडलेला असतो आणि सकाळभर पाणी चढत असतं. चढत्या पाण्याने तुतवार, चिखले, कोरल हे सगळे पक्षी मागे सरकत सरकत एका पट्ट्यात गोळा होतात आणि होडीतून हाकेच्या अंतरावर येतात. शिवाय पाणी चढतं असल्यामुळे होडी गाळात बसली तरी पाच-दहा मिनिटांत आपोआप सुटते. उतरत्या पाण्यात रुतलात तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच. मी एकदा तसा साडेचार तास बसलो आहे, डोक्यावर ऊन आणि बाटलीत घोटभर पाणी.

उघड्या समुद्रात, किल्ल्यांभोवती किंवा खडकांकडे जायचं असेल तर उलट करा. सप्तमी ते दशमीच्या दरम्यानचे भांगाचे दिवस निवडा. पाण्याला ओढ कमी असते, खडकांजवळ होडी स्थिर राहते आणि सकाळी भरती असल्यामुळे वाळूवरून होडी सहज पाण्यात जाते.

उत्तरेकडे भरती-ओहोटीतला फरक फार मोठा असतो. मुंबईजवळ उधाणाला तो पाच मीटरच्या आसपास जातो, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या जवळपास राहतो. म्हणून ठाणे खाडीत वेळ चुकली तर सफरच होत नाही. मालवणात थोडंफार निभावून जातं.

वारा आणि उजेड

हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो हलका असतो आणि किनाऱ्याजवळचं पाणी तेलासारखं सपाट ठेवतो. दहा-अकराच्या सुमारास तो पडतो आणि खारा वारा सुरू होतो. मग पाण्यावर पांढरी फुलं उमटायला लागतात. अशा पाण्यात गाद्याच्या पाठीवरचा काळा पर (कल्ला) आणि लाट यांतला फरक कळत नाही. म्हणून उजाडता उजाडता निघायचं. तांडेल "आठला निघू" म्हणाले तर "सहा-साडेसहाला जमेल का" असं विनवून बघा.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. आपला किनारा पश्चिमेचा आहे, म्हणजे सकाळी सूर्य जमिनीच्या बाजूला असतो. होडी पक्ष्यांच्या पलीकडे, खोल समुद्राच्या बाजूला नेली की पक्षी उजेडाच्या विरुद्ध येतात आणि सगळे काळे दिसतात. होडी किनारा आणि पक्षी यांच्यामध्ये ठेवायची आणि पश्चिमेकडे तोंड करून बघायचं. पाठीवर ऊन आलं की सुरयाच्या चोचीचा रंगसुद्धा साध्या डोळ्यांना कळतो.

आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघा. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेकडून लाटांच्या उंचीचा अंदाज मिळतो. लाट एक मीटरच्या वर असेल तर मी जात नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळी वाऱ्याचा इशारा) लागला असेल तर विषयच संपला, कितीही लांबून आलेला असलात तरी.

होडी आणि तांडेल

प्रवासी होडीला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना लागतो. होडीवर नोंदणी क्रमांक आणि किती माणसं बसवायची तो आकडा रंगवलेला असतो. तो वाचा, माणसं मोजा, आणि प्रत्येकाला अंगावर बसणारं लाइफ जॅकेट आहे का ते जेट्टीवरच बघा. लहान मुलाला मोठ्याचं जॅकेट घातलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जातं. मासेमारीच्या होडीतून ओळखीने जाण्याचा मोह होतो, पण तिला प्रवासी नेण्याचा परवाना नसतो, आणि अडचण आली तर नुकसान त्या मच्छीमाराचंही होतं.

होडी निवडताना मी वेगाकडे बघत नाही. सहा ते दहा माणसांची, एका इंजिनाची, सावकाश चालणारी होडी उत्तम. बसायची जागा पाण्यापासून फार उंच नको. छत असलं तर उन्हापासून बरं वाटतं, पण वरून जाणारा समुद्री गरुड दिसत नाही.

भाव ठरवताना 'पॉइंट'वर ठरवू नका, तासांवर ठरवा. हे फार महत्त्वाचं आहे. फेरीप्रमाणे पैसे घेणाऱ्या माणसाला पुढच्या गिऱ्हाइकासाठी परत यायचं असतं, मग तो गादा दिसला की त्याच्या अंगावर होडी घालतो. त्यात दोष एकट्या त्याचा नाही, व्यवहारच तसा ठरलेला असतो. "दादा, तीन तास तुमचे. काही दिसलं नाही तरी पैसे पूर्ण. फक्त मी सांगेन तिथे इंजिन बंद ठेवायचं," असं सांगितलं की माणूस सैल होतो आणि मग त्याला जे माहीत असतं ते बोलायला लागतो. रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर) कुठे पक्षी पडतात, तारली मासळी कुठे लागली आहे, समुद्री गरुडाचं घरटं कुठल्या झाडावर आहे, हे सगळं मला अशाच गप्पांतून कळलं.

पिशवीत काय असावं

दुर्बीण आठ पटींची घ्या. दहा पटींची किनाऱ्यावर छान वाटते, पण हलत्या होडीत तिच्यातून चित्र नाचतं. कॅमेरा असेल तर शटरचा वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास ठेवा, आणि ट्रायपॉड घरीच राहू द्या. खारं पाणी भिंगावर सुकू देऊ नका. गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं एका डब्यात ठेवलं की काम होतं.

बोट लागत असेल तर उपाशीपोटी निघू नका. दोन घावणे किंवा थोडे पोहे पुरेत, तेलकट मात्र नको. आल्याची वडी किंवा आवळासुपारी तोंडात धरा. होडीच्या मध्यावर, मागच्या बाजूला बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. मोबाइलच्या पडद्यात मान घालणारा माणूस हमखास आडवा होतो. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नसतो. पाणी, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि तटरक्षक दलाचा 1554 हा मदत क्रमांक मोबाइलमध्ये साठवलेला असावा.

पाण्यावर : कुरव की सुरय?

पहिल्या दिवशी सगळे पांढरे पक्षी 'सीगल' वाटतात. आधी दोन घराणी वेगळी करा. कुरव भरदार असतो, पाण्यावर बदकासारखा तरंगतो आणि होडीमागे टाकलेल्या माशांसाठी येतो. सुरय सडपातळ, पंख टोकदार, शेपटी दुभंगलेली. तो चोच खाली करून पाण्यावर गस्त घालतो आणि दगडासारखा सूर मारतो. पाण्यावर तो क्वचितच बसतो. बसलाच तर बोयावर, वाशावर किंवा खडकावर बसतो.

सुरय ओळखायला चोच बघा. लिंबासारखी पिवळी आणि पक्षी मोठा असेल तर मोठा तुरेवाला सुरय. गाजरासारखी नारिंगी असेल तर छोटा तुरेवाला. काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका म्हणजे सँडविच सुरय. आखूड, जाड, काळी चोच म्हणजे गलबिल सुरय. आणि कुरवाएवढा थोराड पक्षी, चोच लालभडक आणि जाड, तो कॅस्पियन. कुरवांमध्ये डोळ्यामागे काळा ठिपका असलेले दोन. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या काळ्या पंखटोकात पांढरे ठिपके असतात, काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरी असते. पाठ गडद राखाडी, पाय पिवळे आणि आकार घारीएवढा, तो ह्यूग्लिन कुरव. पहिल्या सफरीत एवढं जमलं तरी खूप झालं.

खडकांवर काळपट राखी बगळा दिसला आणि त्याचा गळा पांढरा असला तर तो समुद्री बगळा. हाच पक्षी पांढऱ्या रंगातही असतो, त्यामुळे पांढरा बगळा बघितला की लगेच पुढे जाऊ नका. कैकर (मासे पकडणारा शिकारी पक्षी) वरून जाताना पंजातला मासा बघा. तो माशाचं डोकं नेहमी उडण्याच्या दिशेला वळवून धरतो.

पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाला आपल्याकडे काकण म्हणतात. राखी पाठ, पांढरंशुभ्र पोट, पाचरीसारखी शेपटी. गावाजवळच्या जुन्या आंब्यावर किंवा सुरूवर तो काटक्यांचं मोठं घरटं करतो आणि तेच घरटं वर्षानुवर्षं डागडुजी करून वापरतो. ते झाड तुटलं तर पिढ्यांची जागा जाते. घरटं दिसलं तर खाली उभं राहून फोटो काढू नका, ठिकाणही इंटरनेटवर टाकू नका.

होडीतून कुरवांना शेव-गाठ्या टाकायची सवय मुंबईच्या लाँचवर फार आहे. मुलांना मजा येते हे खरं. पण बेसन-तेल हे त्या पक्ष्याचं अन्न नाही, आणि त्याला एप्रिलमध्ये हिमालय ओलांडून परत जायचं असतं. कृपा करून टाकू नका.

गादे

कोकणात किनाऱ्याजवळ दिसणारा डॉल्फिन बहुतेक वेळा हम्पबॅक जातीचा असतो. मच्छीमार त्याला गादा म्हणतात. रंग राखाडी, पाठीवर उंचवटा आणि त्या उंचवट्यावर छोटा पर. तो उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी राहतो, म्हणूनच आपल्याला इतक्या सहज दिसतो आणि म्हणूनच सगळ्यात जास्त त्रासही त्यालाच होतो. टीव्हीवरच्यासारख्या उड्यांची अपेक्षा ठेवू नका. आधी चोच, मग पाठीची कमान, मग पर, की पुन्हा पाणी. पर नसलेली, ओल्या टायरच्या कडेसारखी एखादी पाठ क्षणभर वळून गेली तर ती फिनलेस पॉरपॉइज. ती लाजाळू असते, पुन्हा दिसेलच असं नाही.

काही वर्षांपूर्वी एका गर्दीच्या रविवारी मी ज्या होडीत होतो, तिने आणि आणखी तीन होड्यांनी एका मादीला पिल्लासकट चारी बाजूंनी घेरलं. होडीतले लोक टाळ्या वाजवत होते. ती खाली गेली आणि फार लांब, एकदाच वर आली. पिल्लू तिच्या कुशीला चिकटलेलं होतं. मी काहीच बोललो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून होडीत बसायच्या आधीच मी पुढच्या गोष्टी ठरवून घेतो.

गादे दिसले की वेग कमी करायचा. पन्नास मीटरच्या आत होडी न्यायची नाही. समोरून किंवा मागून जायचं नाही, बाजूने, त्यांच्या दिशेला समांतर राहायचं. दुसरी होडी आधीच तिथे असेल तर ती निघेपर्यंत लांब थांबायचं. पिल्लू असेल तर पाच मिनिटांत निघून जायचं. आणि शक्य तिथे इंजिन पूर्ण बंद.

इंजिन बंद केल्यावर पहिली दोन मिनिटं लोक अस्वस्थ होतात. मग होडीच्या बुडाला चापट्या मारणारं पाणी ऐकू यायला लागतं. गेल्या जानेवारीत देवबागच्या संगमाजवळ आम्ही असेच थांबलो होतो. उजवीकडे, दिसायच्या आधीच, 'फुस्स' असा श्वास ऐकू आला. मग डावीकडे दुसरा. एक गादा आपणहून होडीजवळ आला, कुशीवर वळला, आणि एक डोळा पाण्याबाहेर दिसला. माझी आठ वर्षांची भाची श्वास रोखून बसली होती. तो गेल्यावर तिने हळूच विचारलं, "त्याने आपल्याला बघितलं ना?"

डॉल्फिन आणि समुद्री कासवं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. जाळ्यात अडकलेलं कासव किंवा गादा जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला भरपाई देण्याची योजनाही राज्यात 2018 पासून आहे. तुमच्या तांडेलांना माहीत नसेल तर जरूर सांगा.

कुठून निघावं

नवख्याने सुरुवात हर्णैपासून करावी असं माझं मत आहे. सुवर्णदुर्गाला वळसा घालताना खडकांवर सुरय आणि समुद्री बगळे, कर्दे-मुरुडच्या बाजूला गादे, आणि संध्याकाळी बंदरावर माशांचा लिलाव सुरू झाला की कुरवांची झुंबड. एका मुक्कामात सगळं होतं. आंजर्ल्याची खाडी जवळच आहे, ती उधाणाच्या सकाळी करा.

मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे 29 चौरस किलोमीटरचं. गर्दी फार असते. मी देवबागहून कर्ली नदीच्या मुखाकडे, मग भोगवे-निवतीच्या बाजूला जातो. आठवड्यातला मधला वार निवडा. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्थानिक महिलांचा बचत गट वल्ह्यांच्या होडीतून कांदळवन दाखवतो. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे खंड्या आणि पाणमांजरं यांच्यासाठी यापेक्षा चांगली होडी नाही.

चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या खाडीत मगरी बघायला होड्या निघतात. तिथे मात्र ओहोटी हवी, कारण मगरी चिखलावर ऊन खायला तेव्हाच येतात. थंडीच्या दिवसांत सकाळी नऊनंतर जा.

मुंबईकरांसाठी ऐरोलीहून ठाणे खाडीतली सफर आहे. 2015 मध्ये इथे रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झालं, आणि 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं. होड्या भरतीच्या वेळेनुसार सुटतात, त्यामुळे आधी वेळ विचारून नोंदणी करा.

आणि पैसे जपायचे असतील तर तरीवरून पक्षी बघा. दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी या जंगलजेट्टी (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटी) खाडीच्या तोंडाशीच चालतात. गाडी लावून वरच्या कठड्याशी उभं राहिलं की दहा-पंधरा मिनिटांत ब्राह्मणी घार, सुरय, कधी गादाही दिसतो.

वेंगुर्ल्याचे खडक

वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे. तिथल्या गुहेत भारतीय पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. ही पाकोळी आपल्या लाळेने घरटं बांधते, आणि त्या घरट्यांची एकेकाळी तिथून तस्करी व्हायची. उन्हाळा-पावसाळ्यात याच खडकांवर ब्रायडल्ड सुरय अंडी घालतात. तिथे जायचा मोह होणारच, पण उतरू नका. खडकावर एक माणूस चढला तरी सगळे सुरय उठतात आणि तापलेल्या दगडावरची अंडी उन्हात उघडी पडतात. लांबून, भांगाच्या सकाळी, अनुभवी तांडेलांबरोबर एक वळसा घाला. तेवढ्यात भरपूर दिसतं.

त्याहून खोल समुद्र हे वेगळंच जग आहे. 2015 मध्ये कुणकेश्वरसमोर निळा देवमासा पिल्लासह दिसल्याची नोंद झाली. पण आपल्या तीन तासांच्या होडीचं ते काम नाही. खोल समुद्रातले पक्षी बघायचे तर पावसाळ्यात किनाऱ्यावर चाला. वादळानंतर मास्क्ड बूबी किंवा स्टॉर्म पेट्रेल थकून वाळूवर येऊन पडतात. असा पक्षी दिसला तर त्याला परत पाण्यात ढकलू नका, चोचीत पाणी ओतू नका. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, फडक्यावर, अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन करा. बूबीची चोच धारदार असते. उचलताना डोक्यावर टॉवेल टाका आणि आपला चेहरा लांब ठेवा.

परत आल्यावर, अंघोळीच्या आधी, वहीत तारीख, तिथी, वारा, निघायची वेळ आणि दिसलेले पक्षी लिहून काढा. जमलं तर ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही नोंद टाका. माझ्या वहीत आता प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात तिथी लिहिलेली असते. पुढच्या महिन्यात हर्णैला जायचं आहे, वद्य अष्टमीला. तांडेलांना फोन करून फक्त तेवढंच सांगितलं. "मग साडेसहाला," ते म्हणाले.